नळीतला पीळ आणि आमच्या घरातलं सत्तावन्न

तुमच्यापैकी बरेच जण ‘पेट’ संपवून आता सिनॉप्सिसच्या मागे लागले असतील. साधनांच्या यादीत आपण सगळेच एक ओळ ठोकून देतो: लिखित साधने, मौखिक साधने, भौतिक साधने. मीही दिली होती. भौतिक साधन म्हणजे नाणी, शिलालेख, फार तर बुरूज, एवढंच डोक्यात. एखादी वस्तू समोर ठेवून तिलाच प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी चांगलीच तोंडावर आपटले. ते कसं, हे आज सांगते. तुम्ही आपटण्याआधी वाचलेलं बरं.

माझं आजोळ वैजापूरकडचं. आजोबांकडे एक ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षण परवान्यावरची. रानडुकरांसाठी परवाना, पण आजोबांचा खरा जीव निशाणबाजीत. बांधावर फुटकं मडकं ठेवायचं आणि कडब्याच्या गंजीजवळून नेम धरायचा. घरात तिला ‘निशाणाची बंदूक’च म्हणत. आणि तिच्याबद्दल एक गोष्ट सांगत: ही सत्तावन्नची. औरंगाबादच्या छावणीत स्वार बिघडले, त्या धामधुमीत आपल्या कुणा पूर्वजाच्या हाती लागली. चापाशेजारच्या पोलादी पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ ही अक्षरं आणि साल कोरलेलं. सालातले १८५ स्पष्ट, शेवटचा आकडा घासून गेलेला. घरातले सगळे तो सात वाचत. मीही लहानपणापासून सातच वाचला.

आजोबा गेले. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही. शस्त्र कायद्याप्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावं लागतं आणि मग वारसाने अर्ज करायचा. मामाने ती शहरातल्या एका दुकानात जमा केली. माझा विषय एकोणिसाव्या शतकातला मराठवाडा. मी मामाला म्हटलं, अर्जाचं तू बघ, मला फक्त ती एकदा नीट पाहू दे. दुकानातले मिस्त्री भला माणूस. म्हणाले, इथेच बसून बघा, हात मी लावतो, तुम्ही लिहा. पुढचं सगळं त्यांच्याच बाकावर झालं.

आता आधी थोडा इतिहास, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

जून १८५७ मध्ये इथे जे घडलं ते तुम्ही वाचलं असेल. हैदराबाद कंटिंजंट म्हणजे निजामाच्या पैशावर पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातली फौज. तिच्या पहिल्या घोडदळात कुजबूज सुरू झाली की आपल्याला दिल्लीवर, बादशहाविरुद्ध नेणार आहेत. निजामाच्या मुलखाबाहेर आणि तेही बादशहावर चालून जायला स्वार तयार नव्हते. जनरल वुडबर्न पुण्याकडून पलटण आणि तोफा घेऊन आला. कवायतीच्या मैदानावर झडती सुरू असताना मीर फिदा अली याने कॅप्टन ॲबटवर गोळी झाडली, ती लागली नाही. त्याला फाशी झाली. पुढे आणखी काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. आज आपण ज्याला क्रांती चौक म्हणतो त्या जागेचं जुनं नाव काळा चबुतरा, ते याच शिक्षांमुळे लोकांच्या लक्षात राहिलं.

म्हणजे आमच्या घरातली गोष्ट हवेत नव्हती. गाव खरं, साल खरं, छावणी खरी. अशा गोष्टी सगळ्यात धोक्याच्या असतात. पूर्ण खोटी गोष्ट लगेच पकडता येते. तीन चतुर्थांश खरी असलेली अख्खी गिळली जाते.

बंदूक कोणती, हे मी पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहिलं. घडण एन्फिल्डची. नळी मोजली तर ३३ इंच. सैन्यातल्या पायदळाची लांब एन्फिल्ड, १८५३ च्या नमुन्याची, तिची नळी ३९ इंचांची. ३३ इंची म्हणजे आखूड रायफल. हिचा नमुना १८५६ मध्ये ठरला, म्हणजे सत्तावन्नला ती अस्तित्वात होती. मी खूश. पण १८५८ च्या आरमारी नमुन्याची नळीही ३३ इंचच, आणि १८६० च्या नमुन्याचीही तेवढीच. म्हणजे लांबीवरून सत्तावन्नच्या अलीकडचं-पलीकडचं कळत नाही. कशावरून कळतं? नळीच्या आतल्या पिळावरून.

पीळ म्हणजे काय ते दोन मिनिटं ऐका. साध्या नळीतून सुटलेली गोळी कशीही लोळत जाते. नळीच्या आत आटे, म्हणजे मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या खाचा पाडल्या, तर गोळी त्यांना धरून स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. फिरणारा भोवरा जसा उभा राहतो तशी ती सरळ राहते. आट्यांनी एक पूर्ण फेरा किती इंचांत घेतला, तो त्या नळीचा पीळ. आकडा लहान तर पीळ घट्ट, मोठा तर सैल. याचं शास्त्र पहिल्यांदा नीट मांडलं बेंजामिन रॉबिन्सने. त्याचं तोफाशास्त्रावरचं पुस्तक १७४२ चं. हा माणूस पुढे कंपनीचा इंजिनिअर होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. युरोपातल्या विज्ञानाच्या इतिहासात तो सापडतो, आपल्याकडच्या पुस्तकांत क्वचितच. असो, हा वेगळ्या लेखाचा विषय.

तर एन्फिल्डचा हिशेब असा. १८५३ च्या लांब रायफलीत आटे तीन आणि पीळ ७८ इंचांना एक फेरा. ३९ इंचांची नळी म्हणजे गोळी आत बरोबर अर्धा फेरा घेते. १८५६ ची आखूड रायफलही तीन आट्यांची आणि ७८ चीच. तीच गोळी, तोच पीळ, फक्त नळी कापलेली. मात्र १८५८ च्या आरमारी नमुन्यात आटे पाच झाले आणि पीळ ४८ वर आला. १८६० ची आखूड रायफलही पाच आटे आणि ४८. तेव्हा प्रश्न अगदी सरळ होता: ७८ की ४८?

पीळ मोजायची पद्धत सोपी आहे, निदान वाचायला. एका गजाच्या टोकाला चिंधी घट्ट बसवायची. ती नळीत इतकी दाटून बसली पाहिजे की आट्यांत शिरेल. गजावर एक उभी रेघ आणि नळीच्या तोंडाशी एक खूण. मग गज हळू आत लोटायचा. चिंधी आट्यांना धरून फिरते, तिच्याबरोबर गजही. रेघ पाव फेरा फिरली की गज किती इंच आत गेला ते मोजायचं आणि चारने गुणायचं. अर्धा फेरा मिळाला तर दोनने. ठासणीच्या बंदुकीची नळी मागून बंद असते, त्यामुळे सगळं तोंडाकडूनच. आणि अर्थात, आधी ती रिकामी असल्याची खात्री. जुन्या ठासणीच्या बंदुकांत कितीतरी वर्षांपूर्वीचा बार तसाच राहिलेला असू शकतो. ती खात्री मिस्त्रींनी करून घेतली होती.

पहिल्या दिवशी गज होता बंदुकीचाच जुना, आणि लोटत होते मिस्त्री, मुठीत घट्ट धरून. पाव फेऱ्याला पहिलं माप आलं १७ इंच. दुसरं १९ आणि अर्धा. तिसरं २२. मी वहीत सरासरी काढली: साडेएकोणीस. गुणिले चार, अठ्ठ्याहत्तर.

काय वाटलं असेल मला, तुम्हीच विचार करा. पुस्तकात ७८, माझ्या वहीत ७८. दुकानाबाहेर येऊन मी मामाला फोन केला की आजोबांची गोष्ट खरी आहे. त्याच आठवड्यात एका चर्चासत्रासाठी सारांश मागवले होते. मी रात्री बसून तीनशे शब्द लिहिले. शीर्षकात ‘१८५७ ची साक्षीदार’ असे शब्दही होते. पाठवून दिलं.

त्या वहीचं पान आज बघते तेव्हा कानशिलं तापतात. १७ आणि २२ यांत पाच इंचांचा फरक आहे. चारने गुणलं की एक माप म्हणतंय ६८ आणि दुसरं म्हणतंय ८८. एकाच नळीत एवढा फरक पडूच शकत नाही, पीळ काही रोज बदलत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ पोलादाचा. म्हणजे मोजण्यात गडबड होती. पण सरासरी हव्या त्या आकड्यावर आली आणि मी मापं बघायची सोडून सरासरीच बघत बसले. ती तीन मापं कशी आली हे मी त्या दिवशी विचारलंच नाही. उत्तर ९० आलं असतं तर? खात्रीने सांगते, पन्नास वेळा विचारलं असतं.

आठ-दहा दिवसांनी मिस्त्रींचाच फोन आला. “ताई, तुम्ही म्हणत होतात आटे तीन. मी साफ करून बघितलं, पाच दिसतात.”

तीन की पाच हे मी मोजलंच नव्हतं! नळीचं तोंड गंजलेलं, गज घासून घासून आटे तिथे पुसट झालेले. दिसत नाही म्हणून मी पुस्तकातला आकडा वहीत उतरवला होता. मिस्त्रींनी रॉकेलने तोंड स्वच्छ केलं, मेण कोमट करून आत दाबलं आणि ठसा काढला. मी गेले तेव्हा तो ठसा बाकावर ठेवलेला होता. त्यावर पाच उंचवटे, कुणीही मोजावेत असे.

पाच आटे आणि ७८ चा पीळ, ही जोडी मला माहीत असलेल्या एकाही नमुन्यात बसत नव्हती. एक तरी चुकलेलं होतं. ठसा समोर होता, म्हणजे चूक मापात.

मिस्त्री हसले. म्हणाले, गज मी मुठीत आवळून धरला होता, तो फिरणार कसा? हे मला आधी सुचायला हवं होतं. गज मोकळा फिरला नाही तर चिंधी आट्यांतून घसरते. घसरली की फेरा कमी दिसतो, म्हणजे त्याच पाव फेऱ्याला गज जास्त आत जातो आणि पीळ असतो त्यापेक्षा सैल निघतो. आमची चूक कधी इकडे कधी तिकडे अशी नव्हती, ती प्रत्येक वेळी एकाच दिशेने ढकलत होती. अशा चुकीवर सरासरी काढून काही फायदा नसतो. हे वाक्य तुम्ही संख्यात्मक संशोधनपद्धतीच्या पेपरला घोकलं असेल. मला ते बंदुकीच्या दुकानात कळलं.

दुसऱ्या वेळी मिस्त्रींनी साफसफाईचा लोखंडी गज घेतला, ज्याची मूठ छऱ्यांवर मोकळी फिरते. चिंधी बदलली, दाट बसेल अशी. पाव फेऱ्याऐवजी अर्धा फेरा घ्यायचं ठरवलं, कारण तिथेच फैसला होता: पीळ ७८ असेल तर अर्ध्या फेऱ्याला ३९ इंच लागतील आणि नळीच ३३ ची, अर्धा फेरा होणारच नाही. गज शांतपणे आत गेला, रेघ वरून खाली आली आणि गज अजून बाहेर शिल्लक होता. मापं अशी: २४ आणि पाव, पावणेचोवीस, २४, २४, साडेचोवीस. सरासरी २४.१, दुप्पट ४८.२. पाचही मापं पाऊण इंचाच्या आत.

पाच आटे, ४८ चा पीळ. ही नळी १८५८ किंवा त्यानंतरच्या नमुन्याची. सत्तावन्नच्या जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीत ती असू शकत नाही. पट्टीवरचा शेवटचा आकडा सात नसून आठ किंवा नऊ असावा, असं म्हणायचा मोह होतो, पण तोही आवरा. चापाची पट्टी दोन स्क्रूंवर असते, एका बंदुकीची दुसरीला बसवणं हा तासाभराचा खेळ. पट्टी सत्तावन्नची आणि नळी नंतरची, असंही असू शकतं. नळीने एवढंच सांगितलं की ती स्वतः कधीची नाही. पुराव्याला जेवढं विचारलं तेवढंच तो बोलतो.

आणि खरं सांगायचं तर मोजायच्या आधीच मला शंका यायला हवी होती. बिघडलेलं होतं ते घोडदळ. पायदळाची रायफल स्वारांकडे कशाला असेल? शिवाय १८५७ च्या सुरुवातीला एन्फिल्डचं शिक्षण हिंदुस्थानात दमदम, अंबाला आणि सियालकोट या तीनच ठिकाणी सुरू झालं होतं. लेखी साधनं हे सगळं सांगत होती. मी ती वाचलीही होती. पण घरची गोष्ट आड आली.

आता पीळ आणि काडतूस यांचं नातं. इथे मला स्वतःला नवीन काही सापडलं, आणि आजोळच्या गोष्टीवरून पडलेल्या पाण्याची थोडी भरपाई झाली.

ठासणीच्या रायफलीची अडचण अशी की गोळी तोंडाकडून आत सरकायची तर ती नळीपेक्षा बारीक हवी, आणि आट्यांना धरायची तर जाड हवी. यावर तोड म्हणजे मागून पोकळ असलेली शिशाची गोळी. बार उडाला की तिचा मागचा भाग फुगतो आणि आट्यांत बसतो. एन्फिल्डच्या नळीचा व्यास .५७७ इंच, गोळीचा .५६८. मधली फट भरायला कागद, आणि कागद सरकायला वंगण. काडतूस म्हणजे कागदाची सुरळी: एका बाजूला अडीच ड्रॅम दारू, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास, दुसऱ्या बाजूला ३४ ग्रॅमची गोळी, आणि गोळीकडचं टोक वंगणात बुडवलेलं. शिपाई दारूकडचं टोक दातांनी फाडायचा, दारू ओतायचा, सुरळी उलटी करून वंगण लावलेलं टोक नळीत दाबायचा, उरलेला कागद तोडायचा आणि गजाने ठासायचा. काळ्या दारूची काजळी आट्यांत साचते, वंगण नसेल तर चौथ्या-पाचव्या बारानंतर गोळी अडायला लागते. म्हणजे ते वंगण कुणाच्या लहरीसाठी नव्हतं, आट्यांची गरज होती. गुळगुळीत नळीच्या जुन्या ब्राउन बेसला त्याची एवढी गरज नव्हती. चरबीचा प्रश्न हा मुळात आट्यांचा प्रश्न आहे, असं मी म्हणते. गाईडना अजून पटलेलं नाही.

जानेवारी १८५७ मध्ये दमदमला चरबीची बातमी फुटल्यावर सरकारने महिन्याच्या शेवटी हुकूम काढला की काडतुसं वंगणाशिवाय द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं. पुढे दातांऐवजी हाताने फाडायची कवायतही आली. कागदावर पाहिलं तर तक्रार मिटायला हवी होती. मिटली नाही, कारण तोवर संशय काडतुसावरून सरकारच्या हेतूवर गेला होता. मेरठला २४ एप्रिलला नव्वद स्वारांपैकी पंच्याऐंशींनी काडतुसं नाकारली, ती तर एन्फिल्डची नव्हतीच, जुन्या पद्धतीची होती. औरंगाबादच्या स्वारांचाही झगडा काडतुसाशी नव्हता, दिल्लीला जाण्याशी होता. ‘काडतूस हे १८५७ चं कारण’ असं एका ओळीत लिहिणाऱ्याला मी आता विचारते: कोणतं काडतूस, कुणाच्या हातातलं?

उठावाच्या धुमश्चक्रीत खुद्द इंग्रजांनाही या गोळीने सतावलं. उन्हाने वंगण वितळून कागदात मुरायचं आणि गोळ्या नळीत अडकायच्या. त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत गोळी बारीक करून .५५ ची झाली आणि चरबी जाऊन निव्वळ मेण आलं. आमच्या आजोळच्या बंदुकीचा घट्ट पीळ याच काळातला. १८७९ मध्ये ग्रीनहिल नावाच्या वुलिचच्या गणितज्ञाने सूत्र दिलं: गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, लांबीने भागा, दीडशेने गुणा, पीळ मिळेल. .५५ व्यास आणि साधारण एक इंच लांबी धरली तर उत्तर येतं ४५ च्या आसपास. म्हणजे ४८ जवळचा, ७८ बराच सैल. पण यावरून ‘१८५३ चे लोक चुकले’ असं लिहू नका. सूत्र भरीव गोळीसाठी आहे, ही गोळी पोकळ. आणि ते सूत्र त्यांच्यानंतर पंचवीसेक वर्षांनी आलं. त्याच सुमाराला व्हिटवर्थने .४५१ ची षटकोनी नळी आणि २० इंचांचा पीळ घेऊन एन्फिल्डला चाचण्यांत मागे टाकलं होतं. २ जुलै १८६० ला विम्बल्डनच्या नेमबाजीचा पहिला बार राणी व्हिक्टोरियाने झाडला तो व्हिटवर्थचाच, ४०० यार्डांवर, रायफल स्टँडवर पक्की बसवून. सैन्याने मात्र ती घेतली नाही. महाग होती आणि काजळी लवकर धरायची.

आणि आपल्या शिपायांचं काय झालं? उठावानंतर त्यांच्यासाठी नवा नमुना निघाला. दिसायला एन्फिल्डसारखाच, पण नळी .६५६ ची आणि आतून गुळगुळीत. आटेच नाहीत. गोऱ्या शिपायाच्या बंदुकीला पीळ, काळ्याच्या बंदुकीला नाही. वसाहतवादावर प्रकरण लिहिताना मी ‘अविश्वासाचे धोरण’ असा शब्दप्रयोग तीन वेळा केला होता. आता तिथे फक्त या दोन नळ्यांची मापं ठेवली आहेत.

चर्चासत्राच्या आयोजकांना मी पत्र लिहून सारांश मागे घेतला आणि नवीन पाठवला. शीर्षक साधं ठेवलं. मिस्त्रींचे आभार पहिल्या तळटिपेत आहेत, त्यांच्या परवानगीने. मूळ वहीतलं १७, १९॥, २२ वालं पान फाडलेलं नाही. परिशिष्टात जसंच्या तसं जोडणार आहे.

मामाला सांगणं जास्त अवघड गेलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे बाबा खोटं बोलायचे का?” मी म्हटलं नाही, त्यांनी ऐकलेलं सांगितलं. आता ती गोष्ट घरात केव्हा आली, हे मला शोधायचंय. आजोबांच्या वडिलांच्या तोंडी ती होती की क्रांती चौक हे नाव रूढ झाल्यावर आली? मोठ्या मावशीची मुलाखत पुढच्या रविवारी आहे. प्रश्नावली तयार केली आहे, आणि यावेळी ‘सत्तावन्न’ हा शब्द माझ्या तोंडून आधी निघणार नाही, एवढी काळजी घेतली आहे.